पहिला अर्धा कोणाचा

चौलच्या सुपारी बागायतदार संघाचा सर्व्हर एका लग्नपत्रिकेने आडवा केला.

पत्रिका संघाच्या ईमेलवर आली. 'सहकुटुंब यावे, आहेर आणू नये', आणि खाली एक फाइल. अध्यक्ष हरिभाऊंनी फाइल उघडली. काही दिसेना, म्हणून परत उघडली. समोरच्या खोलीत सचिव सलिल बसतात, हरिभाऊंचे चुलत भाऊ. हरीला बोलावणं आलं आणि आपल्याला नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी आपल्या मशीनवर तोच मेल काढून तीच फाइल उघडली. दुपारचा चहा येईपर्यंत संघाच्या सगळ्या नोंदींना टाळं लागलं होतं आणि पडद्यावर कोणीतरी खंडणी मागत होतं.

"लग्न होतं कोणाचं?" संघाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या भार्गवीने विचारलं.

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार?" हरिभाऊ म्हणाले.

"आणि सलिलकाका, तुम्ही?"

"यांना बोलावतात आणि मला टाळतात असे लोक कोण, ते बघत होतो."

भार्गवीने डोकं धरलं. ऐरोलीतली नोकरी सोडून ती घरी परत आली, ती या सर्व्हरच्या भरवशावर. पगार निम्मा झाला, पण घरचं जेवण होतं, पोफळीची सावली होती. 'स्थळं बघायची का?' हा आईचा प्रश्न रोज वजा केला तरी हिशोब नफ्यातच राहत होता. आता तो बुडायची वेळ आली होती. मुंबईच्या एका कंपनीचा चिराग सकाळपासून ओटीवर सर्व्हर सांभाळायचा करारनामा घेऊन बसला होता आणि पाचला कार्यकारिणीची सभा होती.

"पाचच्या आत चालू झालं तर बघू," हरिभाऊ म्हणाले. "नाहीतर काम चिरागशेठना देऊन टाकू. सुरक्षा म्हणजे काही खेळ नाही, भार्गवी."

कर्म हरिभाऊंचं, नावे पडलं भार्गवीच्या. संघात ही पद्धत जुनीच.

तिने सगळ्या केबली उपटल्या. मागच्या खोलीत बॅकअपचं मशीन वेगळं ठेवलेलं होतं, ते शाबूत होतं. आता सर्व्हरला त्याच्या आजारी डिस्कवरून न उठवता या मशीनवरून, केबलमधून उठवायचं, आणि कालची चांगली प्रत त्याच्यात परत भरायची. काम सरळ होतं. फक्त प्रत उघडायला चावी लागत होती. चावी म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ, आणि ती दोन तुकड्यांत होती: अर्धी हरिभाऊंकडे, अर्धी सलिलकाकांकडे.

कारण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं भाऊ जे बोलायचे थांबले ते थांबलेच. एकाच्या हाती पूर्ण चावी द्यायला दुसरा तयार नव्हता. अर्ध्या-अर्ध्या वाटणीला दोघं कबूल झाले, तेव्हा प्रश्न आला की पहिला अर्धा कोणाचा. ज्या गावात देवळातला पहिला नारळ कोणी फोडायचा यावरून उत्सव अडतो, तिथे हा प्रश्न साधा नव्हता. दोन सभा त्यातच गेल्या. शेवटी भार्गवीने दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं, "काका, पहिला तुमचाच. फक्त बोलू नका कुठे, सुरक्षेचा मामला आहे." एकमेकांशी बोलतच नसल्यामुळे गुपित पक्कं राहिलं.

"चावी घालायची वेळ झाली!" मागच्या खोलीतून ती ओरडली आणि घाईने केबल खोचून बाहेर आली. तेवढ्यात घोटाळा झालाच होता. हरिभाऊ मानाने सर्व्हरपुढे पहिले बसले होते, मग सलिलकाका, खरा पहिला अर्धा आपला हे गुपित मनात ठेवून. मशीन म्हणालं, चूक. दोघांनी त्याच क्रमाने पुन्हा घातली. परत चूक.

"तुळशे, त्याला सांग, स्वतःची अक्षरं विसरलाय तो," हरिभाऊ म्हणाले.

"तुळशे, अध्यक्षांना सांग, आधी चष्मा लावा."

संघात झाडलोट आणि चहा बघणारी तुळशी कप हातात घेऊन उभी होती. "एका बाकड्यावर बसलाव दोघं. निरोप न्यायला मधी जागा तरी ठेवा!"

"काका, थांबा!" भार्गवी म्हणाली. "तिसरी चुकली तर हे उद्यापर्यंत उघडणार न्‍हाय." रागावली की तिच्या तोंडी शेजारपाजारचं बोलणं येई. "पहिला अर्धा सलिलकाकांचा आहे."

हरिभाऊ उठून उभे राहिले. "तू मला सांगितलंस, माझा!"

"मलाही तेच सांगितलं होतंस!" सलिलकाका ओरडले.

"सांगितलं. नाहीतर अजून सभाच चालू असत्या."

हरिभाऊ दाराकडे निघाले. भार्गवीने घड्याळ बघितलं आणि गोड आवाज काढला. "हरिकाका, कुलूप उघडतं ते शेवटच्या अक्षराला. ते तुमचं. तुमच्या हाताशिवाय उघडतंय का?"

हरिभाऊ वळले. चेहरा जरा सैल झाला.

"अस्सं?" सलिलकाका म्हणाले. "मग शेवटचा मी."

"बसा!" भार्गवी इतक्या मोठ्याने ओरडली की ओटीवर चिरागच्या हातून बिस्कीट चहात पडलं. "दोघंही बसा! सलिलकाका, घाला. आता हरिकाका. हूं!"

शाळेतल्यासारखे दोघं मुकाट बसले. मशीन उघडलं. पट्टी पुढे सरकायला लागली, आणि पाचाच्या आत संघाची सुपारी न् सुपारी आपल्या जागी परत आली.

भार्गवीने श्वास सोडला, तोच ओटीवरून आवाज आला.

"आपल्याला फसवलंन पोरीने," हरिभाऊ म्हणत होते.

"दोघांनाही," सलिलकाका म्हणाले. "आपण गप्प, म्हणून हिचं फावलं."

मध्ये तुळशी नव्हती. 'आपण' हा शब्द त्या घराण्यात कित्येक वर्षांनी निघाला होता, आणि नेमका भार्गवीच्या मुळावर आला होता.

"काम चोख केलंस," आत येऊन हरिभाऊ म्हणाले. "पण विश्वासाचं काय? सलिलचंही तेच म्हणणं आहे. चिरागशेठना देऊ या. सभा काय, आम्ही म्हणू तेच म्हणेल. कागद तू एकदा नजरेखालून घाल, तांत्रिक काही असेल तर सांग."

स्वतःच्या नोकरीचा मृत्युलेख तपासायलाही भार्गवीच. तिने करारनामा शेवटपर्यंत वाचला. शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'मुख्य चावी संस्थेच्या एका अधिकृत व्यक्तीकडे राहील.' शेवटच्या पानावर त्या अधिकृत व्यक्तीच्या सहीसाठी जागा होती. एकच.

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "सही तेवढी करा."

तिने कागद टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला, त्यावर एकच पेन ठेवलं, आणि केबली गुंडाळायला मागच्या खोलीत गेली.

पहिलीच केबल हातात होती, तेव्हा बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सलिलकाका.

"तुळशे, अध्यक्षांना सांग, पेन खाली ठेवा म्हणावं."