जवसाचं मलम आणि डावा हात

उजवा.

बेकरीत भट्टीतून पावाचा ट्रे ओढताना सासूबाईंचे दोन्ही हात मनगटाच्या वर तापलेल्या कडेला टेकले. दोन्हींवर सारखाच लालभडक पट्टा. वरवरचं आहे, भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. सून मात्र पट्टे बघून आधी हळहळली आणि मग, लाजत लाजत, खुलली. जवसाच्या बियांनी जखम लवकर भरते का, हे ती प्रयोगशाळेत तपासत होती आणि तिचे सर ते हसण्यावारी नेत होते.

"आई, उजव्याला जवसाचं मलम, डाव्याला साधं. रोज फोटो काढीन. चालेल?"

"चालेल की! भाजले ते भाजले, तुझ्या कामी तरी येऊ देत."

डावा.

उजवा गार, मऊ. डावा आपला चुरचुरत बसलेला. दोन मुलं वाढवलेली बाई ती. एकाला खाऊ देऊन दुसऱ्याला टुकुटुकु बघायला लावणं तिला कधी जमलंच नव्हतं. दोन दिवस कळ काढली. मग सून कामावर गेली की जवसाचं मलम बोटभर डाव्यालाही.

"घे रे. भावाला सांगू नकोस."

उजवा, डावा.

दोन्ही भरत आले. फोटोगणिक सुनेचा चेहरा पडत गेला.

"काही फरकच नाही, आई. बियांत दम नाही. उद्या सरांना सांगते, सोडला विषय."

सासूबाईंनी डावा हात पदराखाली घेतला.

"सोडू नकोस गं."

"का?"

"डाव्यालाही जवसच लागलंय."

"आई!"

"अगं, बिचारा बघत बसायचा."

"हात बघतो?"

"माझा बघतो."

सून मटकन खाली बसली. "म्हणजे आता काहीच कळायचं नाही. जवसानं भरलं की आपोआप, देव जाणे."

"मग पुन्हा भाजून घेऊ? ट्रे काय, रोजच तापतो."

"खबरदार!" सून एवढ्या जोरात ओरडली की दोघीही दचकल्या. मग तिने ते दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

दोन्ही.

विषय तिने सोडला नाही. फक्त आता हात दुसऱ्या कुणाचे तरी शोधणार होती, सासूबाईंचे नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीत आली ती कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घेऊन.

"डाव्याला घट्ट होतोय गं."

"लाड पुरे त्याचे. घाला."