सातवा कप्पा

मित्रांनो, मी बारा कप्प्यांचा एक जुना लोखंडी लॉकर आहे. मला एक खोड आहे, ती आधीच कबूल करतो. माझ्यात कोण काय ठेवतं आणि का ठेवतं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दोन भावांनी मला त्यांच्या कारखान्यात बनवलं. थोरला पत्रा कापायचा, धाकटा तो जोडायचा आणि दिवसभर दोघांची तू तू मैं मैं चालायची. त्या भरात माझ्या सातव्या कप्प्याचं दार जरासं तिरकं बसलं. "चालतंय रे, कोण बघतंय!" असं म्हणून धाकट्याने त्यावर हिरवा रंग फासला.

पुढची वीस वर्षं मी एका सूतगिरणीत, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत काढली. माझ्यात डबे, टॉवेल, कंगवे, डोकेदुखीच्या गोळ्या असत. एकीने तर सासूच्या नजरेआड वाचायला कादंबऱ्या लपवल्या होत्या. "हा लॉकर आपल्यापेक्षा दणकट आहे गं," असं त्या म्हणायच्या तेव्हा माझी छाती फुगायची. मग गिरणी बंद पडली. मी मागच्या आवारात पडून राहिलो. रंग उडाला, तिसऱ्या कप्प्यात चिमणीने घरटं केलं. आता आपल्यात कुणी काही ठेवणारच नाही का, एवढाच विचार मनात घोळायचा.

भंगारवाल्याच्या गाडीवरून मला ताईंनी उतरवून घेतलं. ताई म्हणजे तरुण मुलामुलींचा एक निवारा चालवणाऱ्या बाई. घरात राहणं धोक्याचं झालं किंवा घरच उरलं नाही, अशी मुलं तिथे येत. आल्या आल्या त्यांना गरम जेवण मिळे, अंथरूण मिळे आणि माझ्या एका कप्प्याची किल्ली मिळे. "हा कप्पा तुझा. तू म्हटल्याशिवाय कुणी उघडणार नाही. मीसुद्धा नाही," असं ताई प्रत्येकाला सांगत.

तिथे माझ्या कुतूहलाला ऊत आला. कुणी एकच बूट ठेवला, कुणी गुणपत्रिका, कुणी आजीचा चष्मा. घाईघाईने घर सोडताना माणसाचा हात नेमका याच वस्तूकडे का जातो?

एका सोमवारी दुपारी शाळेच्या गणवेशातली सोळा वर्षांची मुलगी आली. तिच्या वर्गशिक्षिकेने तिला इथला पत्ता दिला होता. ती 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलेना, म्हणून बाकीच्या मुलींनी तिचं नाव अबोली ठेवलं. तिला सातवा कप्पा मिळाला. तिने आत दप्तर ठेवलं आणि रुमालात बांधलेली एक जड वस्तू ठेवली. मी निरखून पाहिलं. ती दाराला आतून लावायची साधी कडी होती. सोबत चार स्क्रू. दाराशिवाय कडी घेऊन कोण फिरतं? मी दोन दिवस विचार करत राहिलो.

बुधवारी सकाळी माझं तिरकं दार अडकलं. किल्ली फिरेना. रखवालदारकाका हातोडा घेऊन आले.

"काका, तोडू नका!" अबोली ओरडली. तिचा आवाज सगळ्यांनी प्रथमच ऐकला. "मला स्क्रूड्रायव्हर द्या. बिजागरीचे स्क्रू काढले की दार सुटेल."

तिने पाच मिनिटांत दार अलगद सोडवलं. काका बघतच राहिले.

"जन्मभर दुरुस्त्या केल्या, पण मला हे नाही सुचलं! कुठे शिकलीस गं?"

"घरी. कडी लावून लावून."

दप्तर ओढताना रुमाल सुटला आणि कडी खणकन फरशीवर पडली. ताई दारातच उभ्या होत्या. त्या आल्या आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. काका हळूच बाहेर गेले.

"किती वेळा लावलीस?" ताईंनी विचारलं.

"चार वेळा. मामा काढायचे, मी परत लावायचे."

मग ती बोलत गेली. आईचे दूरच्या नात्यातले भाऊ घरी राहायला आले होते. बाबा नव्हते, आई दिवसभर कामावर. ते मामा नको तसे वागायचे आणि तिच्या खोलीची कडी काढून ठेवायचे. तिने आईला सांगितलं, आईला ते खरं वाटलं नाही. मावशीला सांगितलं, तर मावशी म्हणाली, "घरातलं घरात राहू दे."

अबोलीने फरशीवरची कडी उचलली. मग म्हणाली, "मला धाकटी बहीण आहे. आठ वर्षांची. आत्ता मावशीकडे आहे. उद्या घरी येणार."

ताई ताडकन उठल्या.

"मी सांगणार होते," अबोली रडत म्हणाली, "पण तुम्ही तिला एकीकडे पाठवाल आणि मला दुसरीकडे."

"तसं होऊ नये म्हणून मी भांडेन. होणारच नाही, असं खोटं वचन देत नाही. पण ती उद्या त्या घरात पाऊल टाकणार नाही, हे नक्की."

ताईंनी भराभर फोन केले. बालकल्याणाच्या अधिकारी बाई आल्या, एक महिला पोलीस आल्या आणि अबोलीला घेऊन सगळ्या गेल्या. रखवालदारकाका माझं दार कानशीने घासत बसले. मी नुसता फाटकाकडे कान लावून होतो. मावशीने मुलीला आजच घरी पोचवलं असलं तर?

चार वाजता गाडी आली. अबोलीचं बोट घट्ट धरून एक लहानगी उतरली. दोघींनी एकत्रच राहायचं, असं अधिकारी बाईंनी कागदावर लिहूनही दिलं. त्या मामांवर पोलिसांत तक्रार झाली, ते आता त्या घरात नाहीत. नवव्या दिवशी आई आली. "तू सांगत होतीस तेव्हाच मी ऐकायला हवं होतं," एवढंच ती म्हणाली. अबोलीने तिला पाणी दिलं, पण इतक्यात घरी येईन असं काही म्हटलं नाही. ताईंनीही घाई केली नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या मनात अशी गोष्ट दाबून ठेवलेली असेल, तर ती विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते. आणि कुणी तुम्हाला सांगितलं, तर आधी ऐका.

धाकटीचं मात्र सांगायचं राहिलं. तिला आठवा कप्पा मिळाला, पण ठेवायला काहीच नव्हतं. रोज खाऊची दोन बिस्किटं मिळाली की ती एक खायची आणि एक कप्प्यात कुलूप लावून ठेवायची. उद्या न मिळालं तर असावं म्हणून. कप्प्यात बिस्किटांची चळत झाली, मुंग्या झाल्या, पण ताईंनी कुणाला रागवू दिलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी तिने दोन्ही बिस्किटं खाल्ली आणि ती चळत बाहेर काढून चिमण्यांना टाकली.

"आज नाही का ठेवायचं?" अबोलीने विचारलं.

"कशाला? उद्या मिळतंच की!" असं म्हणत ती माझं दार सताड उघडं टाकून खेळायला पळाली.