बाळकाकांचा शोवेल

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी एक जुना शोवेल आहे, म्हणजे बर्फ उपसायचं फावडं, आणि मी समुद्रातून नागपूरला चाललोय. नागपूरला! तिथे माझं काय काम?

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आता आठवत नाही. आठवतात ते मिशिगनमधल्या ट्रॉयचे बाळकाका. पहिल्याच हिवाळ्यात हात घसरायला लागला, तेव्हा त्यांनी माझ्या लाकडी दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. "आता कसा पैलवान दिसतोस!" म्हणाले. एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

पुढे शेजारी यतीन आणि इशिता राहायला आले. यतीन नागपूरचा, त्याला बर्फ कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. बाळकाकांनी मला त्याच्या हाती दिलं. "माझी कंबर गेली रे. शोवेल तू वापर. अट एकच, आधी आमचं दार, मग तुझं." यतीनने सहा हिवाळे ती अट पाळली. काका वारले त्या सकाळीही आधी त्यांचंच दार मोकळं केलं.

यंदा ऐन थंडीत त्याची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवरचा. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. ती मिळाली नाही, आणि घर आवरायची पाळी आली. बाळकाकांच्या मागे एकट्या राहिलेल्या मालिनीकाकू कुंपणापाशी आल्या. "यतीन, बाकी काही नको. जाताना यांचा शोवेल तेवढा दे परत. त्या ट्यूबवर यांचा हात फिरलाय."

"काकू, फर्स्ट थिंग तोच देणार!"

त्याने मला गॅरेजच्या दाराशी वेगळं ठेवलं. पण सामानाला स्टिकर लावायचं काम होतं आठ वर्षांच्या रुहीकडे, त्यांच्या लेकीकडे. लाल म्हणजे जहाजाने, हिरवं म्हणजे वाटून टाकायचं. पोरीने मला दोन लाल स्टिकर चिकटवले आणि हळूच म्हणाली, "यू कम विथ अस, ओके? मग स्नो पडला की काकूंचं दार मोकळं करायला आपल्याला परत यावंच लागेल." अगं बाई! मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

ट्रक आला त्या दिवशी बर्फ भुरभुरत होता. मला ट्रकमध्ये सोफ्यावर आडवं टाकलं. यतीनला वाटलं, इशिताने शोवेल देऊन टाकला. इशिताला वाटलं, यतीनने. काकू दह्याची वाटी घेऊन जपून पावलं टाकत आल्या. तिघांच्या तळहातावर दही घातलं. यतीन पाया पडायला वाकला, तेवढ्यात ट्रकच्या उघड्या दारातून काकूंना मी दिसलो. ट्यूब दिसली. ओठ हलले त्यांचे.

पण निघालेल्या माणसाला टोकायचं नाही, त्याच्याकडे काही मागायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. "पोचलात की फोन करा हं," एवढंच म्हणाल्या. दार बंद झालं.

आता नुसता अंधार आणि खालून इंजिनची घरघर. ट्रॉयच्या रस्त्यावर बर्फ वितळायला टाकतात ते मीठ अजून माझ्या अंगाला आहे. नागपुरात यतीन मला बाहेर काढेल, ट्यूब बघेल आणि लगेच ट्रॉयला फोन लावेल. फोनवर काकू म्हणतील, "राहू दे रे, कशाला त्रास." मग माझी रवानगी माळ्यावर. सुटका नाही.

मित्रांनो, तुम्हाला हात जोडून एकच सांगतो. कुणाची वस्तू आणली असेल, तर निघायच्या दिवसाची वाट बघू नका. आजच उठा आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात द्या.

ट्रॉयला पुन्हा बर्फ पडला असेल. माझी खरखर ऐकू आली की काकू चहाचं आधण ठेवायच्या. आज त्या कान देऊन बसल्या असतील, आणि दार बर्फाने भरत चाललं असेल.