सात लिव्हरचं कुलूप

"चप्पल काढा," नर्स म्हणाली.

"काढलीये."

"मग खिसे रिकामे करा."

मी किल्ल्यांचा जुडगा काढला, छोटी कानस काढली, पक्कड काढली आणि सगळं तिच्या टेबलावर मांडलं. कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खिशात एवढं असायचंच. पुन्हा काट्यावर उभा राहिलो. एक्क्याण्णव किलो चारशे. मागच्या बुधवारी नव्वद सहाशे होतं.

"काका, हे खाली यायला हवं. वर नाही."

"सकाळी पाणी जरा जास्त झालं."

तिनं आकडा लिहून घेतला. असली पाणी प्यालेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली असणार.

बाहेर बाकावर माझा धाकटा भाऊ बसला होता. चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून घेतलं की त्याच्या अंगात उभं राहायचंही त्राण उरत नाही. तरी पहिला प्रश्न त्यानं तोच विचारला.

"किती, दादा?"

"उतरतंय."

"वा," म्हणत तो माझा हात धरून उठला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. घरात तपासण्या झाल्या तेव्हा माझी जुळली, आणि मी डॉक्टरांसमोर छाती काढून म्हणालो, उद्या घ्या. डॉक्टरांनी माझ्या छातीकडे नाही, पोटाकडे पाहिलं. शहाण्णव किलोच्या माणसाला भूल देऊन किडनी काढायची जोखीम ते घेणार नव्हते. शहाऐंशीवर या, मग तारीख देतो, म्हणाले. धाकट्याला बाहेर पाठवून आणखी एक सांगितलं : त्याचं हृदय थकत चाललंय, तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ लावू नका. त्यातले आता पाच आठवडे उरले होते.

सुरुवातीला मी भराभर उतरलो. उकडलेल्या भाज्या, पातळ सूप, पहाटे तासभर चालणं. दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, काय हो, तब्येत उतरली, आणि मी फुशारकी मारत कारण सांगायचो. दिवसा मी अगदी साधू होतो, आजही आहे. भानगड रात्रीची आहे.

रात्री दोनच्या सुमारास डोळे टक्क उघडतात. मी स्वयंपाकघरात जातो. दिवा लावत नाही, ताट घेत नाही, बसतही नाही. पावाला साखर लावून खातो. बिस्किटांचा पुडा संपवतो. दुधाची पावडर चमच्यानं कोरडीच तोंडात टाकतो, ती टाळूला चिकटते, तरी पुढचा चमचा भरलेला असतो. भूक नसते, चव लागत नाही. पोट दुखायला लागलं की थांबतो, तोंड धुतो आणि बायकोच्या शेजारी चोरासारखा येऊन पडतो.

तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. "खायचं सगळं कपाटात ठेवू नि कुलूप घालू," म्हणाली. मीच दुकानातून सात लिव्हरचं भारी कुलूप आणलं. "हे किल्लीशिवाय उघडत नाही," मी म्हणालो. "मला झोपेत काय, जागेपणीही नाही जमायचं." तिनं विश्वास ठेवला. कुलपाच्या बाबतीत माझा शब्द घरात शेवटचा असतो. किल्ली आईच्या गळ्यात, दोऱ्यात ओवून घातली, कारण आईची झोप सगळ्यांत सावध.

मी तीन रात्री कळ काढली. चौथ्या रात्री दोन तारा घेऊन ते कुलूप उघडलं. खाऊन झाल्यावर होतं तसं लावून ठेवलं. त्यानंतर रोज.

त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. बिनसाखरेचा, अर्थात. बायकोनं कपाट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. मग आईसमोर जाऊन बसली.

"आई, रागावू नका. पण परवा आणलेला बिस्किटांचा मोठा पुडा संपलाय. साखर अर्ध्यावर आलीये. कुलूप तर जागच्या जागी आहे."

आई हातातल्या वाती वळत राहिली.

"तुम्हाला डायबेटिस आहे. काही झालं तर या दोघांच्या धावपळीत मी कुणाकुणाकडे बघू? किल्ली तुमच्याच गळ्यात असते म्हणून विचारते."

आईनं गळ्यातला दोरा चाचपला. माझ्याकडे बघितलं नाही.

"खाल्लं थोडं," ती म्हणाली. "तोंडाला चव नव्हती."

ऐंशीला टेकलेली माझी आई. आयुष्यात कुणाला न विचारता तिनं साखरेचा कण उचलला नसेल. बायकोचे डोळे भरून आले, ती तिला समजावत राहिली, आणि आई लहान मुलीसारखी मान हलवत राहिली. मी मूग गिळून बसलो. चहा थंड झाला. दुकानाची वेळ झाली म्हणून उठलोसुद्धा, पायात चपला घातल्या, आणि दारातून परत आलो.

"तुझ्या केसातले दोन आकडे दे," मी बायकोला म्हणालो.

"कशाला?"

"दे तर."

तिच्यासमोर, आईसमोर मी कपाटापुढे गुडघे टेकले. एक आकडा वाकवून खाली दाबून धरला, दुसरा आत सरकवला. आतल्या लिव्हरच्या पट्ट्या एकेक करून उचलल्या गेल्या. कुलूप माझ्या तळहातावर सुटून आलं. मिनिटही लागलं नाही.

बायकोनं ते उचलून पाहिलं. माझ्याकडे न बघता ती आईला म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"याच्या वडिलांचा जन्म कुलपात गेला. कुठलं उघडतं नि कुठलं नाही, ते मला कळत नाही होय? रोज रात्री ऐकते मी."

"मग माझं बोलणं का ऐकून घेतलंत?"

"खरं सांगितलं असतं तर धाकट्याला कळलं असतं," आई म्हणाली.

धाकटा दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो आपल्या खोलीत गेला. दिवसभर आम्ही एकमेकांना चुकवत राहिलो. रात्री त्यानं गादी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन टाकली. कपाटाला आता कुलूप नव्हतं.

दोन वाजता मी गेलोच. लाज वाटली, तरी गेलो. तो कपाटाच्या दाराला पाठ टेकून बसला होता.

"ये. खायचं तर खा. अडवायला नाही बसलो मी."

"मग कशाला बसलास?"

"विचारायचं होतं. दिवसा विचारलं तर तू थट्टेवारी नेतोस." त्यानं गुडघे जवळ ओढले. "दादा, तुला द्यायची नाही का?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

"दिवसा द्यायची असते," मी म्हणालो. "रात्री नसते. रात्री मला ते ऑपरेशनचं टेबल दिसतं. मी उठलोच नाही तर, असं वाटतं. भीती वाटते रे. भयंकर भीती वाटते."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मलापण रात्री घ्यायची नसते," तो म्हणाला. "तू घोरत असतोस पलीकडे. वाटतं, धडधाकट माणसाला कशाला फाडायला लावतोय आपण. सकाळी मशीनवर घेतलं की मात्र वाटतं, दे बाबा एकदाची."

आई उठू नये म्हणून आम्ही तोंड दाबून हसलो. ती जागीच असणार.

"बुधवारी नर्सला खरं सांग," तो म्हणाला. "या खाण्यावरसुद्धा डॉक्टर असतात तिथं."

"आणि तोवर उशीर झाला तर?"

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. जीभही कोरडीच होती. दिवसाचं पाणी त्याला मोजून मिळतं.

"तहान लागलीये?"

"माझं आजचं संध्याकाळीच संपलं. तुला भूक?"

"भूक नाहीये. पण खायचंय."

"बस मग," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं त्याची मान कलली आणि डावा हात माझ्या मांडीवर घसरला. मनगटाच्या वर, मशीनसाठी दोन नसा एकमेकींना जोडल्या आहेत, तिथं माझी बोटं पडली. आत रक्त घरघरत होतं. इतक्या जोरात वाहतं हे मला ठाऊक नव्हतं. कपाट त्याच्या पाठीमागं होतं, त्याला हलवल्याशिवाय उघडलं नसतं. खाण्याची इच्छा काही गेली नव्हती. उजाडेपर्यंत मी बोटं तिथंच ठेवून बसलो.