मागची जागा

रीनाने खड्ड्याच्या आधीच ब्रेक दाबला आणि चाक आत उतरताना पाय अलगद उचलला. पिकअप डुलली, पण आदळली नाही. मागे हौद्यात, एकावर एक टाकलेल्या गाद्यांवर, तिची आजी इंदुताई निजली होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन आज दवाखान्यातून सुटी मिळाली होती आणि बसून प्रवास करायला डॉक्टरांची मनाई होती. चामोर्शीपासून गावापर्यंतच्या रस्त्याची नुसती चाळण झालेली. आजीला एकही हिसका बसू द्यायचा नाही, एवढंच रीनाच्या डोक्यात होतं.

ब्रेकची ही पद्धत आजोबांची. वारलू आजोबांनी एकाहत्तरच्या लढाईत फौजेची अँब्युलन्स चालवली होती. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. रीनाला गाडी शिकवताना एकदाच म्हणाले होते,

"एक जवान सारखा म्हणे, भैया, धीरे. मागं कोणी निजून आहे असंच समजाचं, पोरी."

गावी परतल्यावर हौद्यात धानाची पोती असोत नाहीतर काहीच नसो, त्यांची गाडी त्याच चालीने चाले. सायकलवालेसुद्धा घंटी वाजवून पुढे जात. शेजारी बसलेल्या इंदुताईला याची भारी लाज वाटे. जन्मभर तिने त्यांच्या कानाशी भुणभुण केली.

"धानाच्या पोत्यायले काय दुखते जी? हाणा ना जराशी!"

आजोबा हसत आणि गिअर आणखी खाली आणत.

केबिनच्या मागच्या पत्र्यावर टकटक झाली. गाडी कडेला लावून रीना मागे धावली.

"आजी, दुखलं काय?"

"नाई वं." इंदुताई वरच्या मोहाच्या फांद्या बघत होती. चेहरा अगदी निवांत. "घर आलं काय?"

"येऊनच राह्यलं. ते वळण गेलं का घरच."

चादरीचा काठ इंदुताईने बोटांनी सारखा केला.

"मंग तलावाच्या पाळीवरून घे."

"तो रस्ता लांबचा आहे, आजी. अन् खड्डे याच्याहून जास्त."

"असू दे. मी जिंदगीभर समोरच बसली."

रीनाला आजोबांची फार आठवण आली. तिने आजीच्या पायाशी उशी नीट लावली आणि गाडी तलावाकडे वळवली.

पाळीवर एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून गेला, तेव्हा मागून आजीच्या हसण्याचा आवाज आला.