सराव फोनवरचा धूर

सकाळपासून शहरात एकाहून एक भीषण आगी लागत होत्या. एकीत अख्खा डोंगर खाक झाला, दुसरीत अंतराळयान, तिसरीत गणिताच्या बाई. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या कंट्रोलताईंनी प्रत्येक आगीची सारख्याच गांभीर्याने दखल घेतली. पत्ता विचारला, आत कोणी अडकलंय का ते विचारलं आणि शाबासकी देऊन हिरवा फोन खाली ठेवला. गणिताच्या बाईंना वाचवायची कोणाला फारशी घाई नव्हती, हेही त्यांनी समंजसपणे ऐकून घेतलं.

हिरवा फोन सरावाचा. दलाचे साहेब शाळाशाळांतून मुलांना आगीपासून बचाव शिकवत. मैदानात लाल गाडी उभी करायची, ड्रायव्हरमामांनी पोरांना पाळीपाळीने आपल्या सीटवर बसवून भोंगा वाजवू द्यायचा, आणि साहेबांनी माइक हातात घ्यायचा. तो सुटेल तेव्हा सुटेल. शिवाय एकेका मुलाला परीक्षा म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटं बसवून हा सराव फोन लावायला द्यायचा. पलीकडे ताई. त्यांचा आवाजच असा, की घर पेटलेल्या माणसालाही आपला घरक्रमांक आठवावा.

या फोनबाबत साहेबांचा एक कडक हुकूम होता. मागल्या वर्षी बदलीवर आलेल्या एका ऑपरेटरने एका मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवून थेट सिनेमागृहावर गाडी धाडली. मध्यंतरात निवांत बसलेले प्रेक्षक न्हाऊन निघाले. वर्तमानपत्रात फोटो छापून आला, त्यात साहेबांचे डोळे मिटलेले होते, आणि साहेबांना राग त्याचाच जास्त. तेव्हापासून सराव फोनवरच्या आगीला गाडी जाणार नव्हती. गेलीच, तर धाडणाऱ्याची नोकरी तिच्या मागोमाग जाणार होती.

फोन पुन्हा वाजला.

"हॅलो, परीक्षेसाठी बोलतेय," एक बारीक आवाज म्हणाला. आपल्याला सगळे पिटुकली म्हणतात, हेही त्या आवाजाने न विचारता सांगून टाकलं. "आग दिसत नाहीये. धूर आहे. शेजारच्या खोलीत जायचं दार आहे ना, त्याच्या खालून येतोय. थोडाच आहे."

शाबासकी ताईंच्या ओठांवर आली होती, ती तिथेच राहिली. इतकी वर्षं लोकांच्या आगी कानांनी पाहिल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. कल्पनेतली आग कधी थोडी नसते. पोरं ज्वाळा आभाळाला टेकवतात, राक्षस आणतात, हेलिकॉप्टर मागवतात. 'थोडाच आहे' असं खरा धूर बघणारी माणसं म्हणतात, आणि तेही ओशाळून, उगाच त्रास दिला अशा सुरात.

त्यांनी धुराचा रंग विचारला.

"राखाडी. मधूनच पिवळट. तुमच्या अग्निशमनच्या काकांनी छान केलाय, पण वास नको होता. डोळे चुरचुरतात."

पोरीला वाटत होतं, धूर परीक्षेसाठी ठेवलाय. शेजारच्या खोलीत काय असतं, असं त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं. पिटुकलीने सविस्तर उत्तर दिलं. साहेबांसमोर मुलींचा नाच होता, त्यात मुली ज्वाळा होणार होत्या, ज्वाळा कागदाच्या होत्या, कागदाखालच्या झग्यांना बाई इस्त्री करत होत्या. मग साहेब आले, तशा बाई इस्त्री तशीच टाकून स्वागताला पळाल्या.

"शाब्बास. आता दुसऱ्या दाराने बाहेर जा आणि जिना उतर."

"त्याला बाहेरून कडी आहे. कोणी उत्तरं फोडू नयेत म्हणून."

ताईंनी क्षणभर डोळे मिटले. मग डाव्या कानाशी हिरवा फोन ठेवून उजव्या हाताने लाल फोन उचलला आणि शाळेचं ऑफिस लावलं. घंटा वाजत राहिली; ऑफिस रिकामं, सगळे मैदानावर. मामांचा मोबाइल बंद, कारण कार्यक्रमात कोणाचा फोन वाजला तर साहेब त्याला स्टेजवर बोलावून उभं करत. दुसऱ्या केंद्राला त्यांनी गाडी सोडायला सांगितलं. तिथल्या माणसाने विचारलं, सराव की खरं? ताई म्हणाल्या, खरं धरून चला. फोन कुठल्या लाइनवर आला, असं त्याने विचारायच्या आत त्यांनी लाल फोन ठेवला. पण ती गाडी शहर ओलांडून येणार होती. आणि शाळेच्या मैदानात, त्या खोलीच्या जवळजवळ खालीच, दलाचीच लाल गाडी पाण्याने भरलेली, जवानांसकट, सजवलेल्या नवरदेवासारखी उभी होती.

शाळेत कोणाला फोन लागत नव्हता, पण गाडीत वायरलेस होता. पिटुकलीला टेबलावरचा फोन खाली घेऊन जमिनीवर झोपायला सांगून त्यांनी वायरलेसचं बटण दाबलं.

"बोला," पलीकडून तोऱ्यात उत्तर आलं. मागे भोंगा नुसता केकाटत होता. "मी ड्रायव्हर."

हा ड्रायव्हर दुसरी-तिसरीतला असावा. खरे ड्रायव्हर कुठे आहेत, असं विचारल्यावर कळलं की ते स्टेजवर साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभे आहेत. त्यांना बोलावून आण, असं सांगितल्यावर पोराने साफ नकार दिला. उतरलं की नंबर गेला. मागे ही लांब रांग होती.

हिरव्या फोनमधून खोकला ऐकू आला. "ताई, आता थोडाच नाहीये."

"अंगात जॅकेट, स्वेटर काही असेल ना? ते दाराच्या फटीत कोंब. घट्ट. मग खिडकीखाली ये."

"याला वेगळे मार्क आहेत?"

"आहेत."

त्यांनी हिरव्या फोनवर हात धरला. पोराला दटावून उपयोग नव्हता, दटावलेलं पोर फार तर वायरलेस बंद करील. विनवण्या करायलाही वेळ नव्हता. त्यांना एकच सुचलं.

"ड्रायव्हर, नीट ऐक. हा हुकूम आहे. मामांनी कोणतं बटण दाबायचं नाही म्हणून सांगितलंय?"

पलीकडे जरा चुळबुळ झाली. "पिवळं. ते दाबलं की तुम्ही बोलता ते बाहेरच्या कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू येतं. मामा म्हणाले, ताई साहेबांबद्दल काय काय बोलतात ते शाळेला ऐकवायचं नाही."

"भोंग्यावरचा हात काढ आणि ते दाब."

"मामा रागावतील."

"मी रागावले तर मामासुद्धा गाडीमागे लपतात. दाब."

भोंगा थांबला. खट् असा आवाज आला, आणि ताईंना मैदानभर पसरलेला आपलाच श्वास परत ऐकू आला. त्यामागे साहेब, माइकवर, आग म्हणजे काय ते सांगत होते.

"मामा, वरचा मजला. फोनच्या खोलीत पोरगी अडकलीय, दाराला बाहेरून कडी आहे. शेजारच्या खोलीतला धूर खरा आहे."

मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी प्रसंगावधान दाखवलं. हे आपल्या दलाचं प्रात्यक्षिक आहे, असं त्यांनी हसत जाहीर केलं आणि टाळ्या दुप्पट झाल्या. ताई पुन्हा म्हणाल्या, हा सराव नाही. मुलांनी आनंदाने आरोळी ठोकली. यापुढे खरं कशाला म्हणावं, हे त्यांना कळेना. जगातले सगळे शब्द कार्यक्रमात वापरून झाले होते.

"ड्रायव्हर, मामा काय करतायत?"

"उभेच आहेत. वर बघतायत." मग तो ओरडला, "छत्री टाकली. साहेबांवर पडली. पळतायत, सगळे काका पळतायत!"

ताईंनी दोन्ही हातांनी हिरवा फोन धरला. "पिटुकले?"

नुसती घरघर, मग खोकला, मग काहीतरी जमिनीवर आपटलं. त्या हाका मारत राहिल्या, त्याच आवाजात, एक शब्दही वर न चढवता. लाकूड फुटल्यासारखं झालं. माणसं ओरडली. पाण्याचा फवारा सुटल्याचा सणसणाट आला, आणि बराच वेळ त्याशिवाय काहीच आलं नाही. पोरीला कोणी उचललं की पाणी नुसतं खोलीवर चाललंय, हे पाण्याच्या आवाजावरून सांगता येत नाही. ताईंनी तो तरीही कान देऊन ऐकला.

शेवटी वायरलेस खरखरला. मामा धापा टाकत होते.

"आणली खाली. खोकतेय, पण तोंड चालू आहे. डॉक्टर येतायत. वरची खोली विझली, ज्वाळा सगळ्या गेल्या, कागदाच्या आणि दुसऱ्याही."

ताईंनी खुर्चीला पाठ टेकली. आपण आतापर्यंत उभ्या होतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"ताई, ही भांडतेय माझ्याशी," मामा म्हणाले. "म्हणते, दाराला बाहेरून कडी असली तर काय करायचं हे तुम्ही शिकवलंच नव्हतं. प्रश्न धड्याबाहेरचा होता म्हणते."

"तिला सांगा, बरोबर आहे तिचं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. त्यांनी तो सावरला. "आणि मामा, त्या शाळेत वर्गांच्या दारांना बाहेरून जितक्या कड्या आहेत, तितक्या उचकटून गाडीत टाका."

पलीकडे कोणीतरी जोरजोरात बोलू लागलं. "साहेब विचारतायत, कोणाच्या परवानगीने?"

"आधी उचकटा. मग ते विचारतील आणि मी सांगेन."

नोकरीचं काय व्हायचं ते संध्याकाळपर्यंत होणारच होतं. ताईंनी लाल फोन उचलून दुसऱ्या केंद्राच्या गाडीला परत फिरवलं. तेवढ्यात वायरलेसवर बारीक आवाज आला. आपला नंबर न सोडलेला ड्रायव्हर अजून सीटवरच होता.

"ताई, मामा परत वर गेले. पहार घेऊन."