यःकश्चित

"आप्पा, यःकश्चित म्हणजे मी काय झुरळ आहे?" कोरियातल्या जॉन्जू शहरात, एका महागड्या हॉटेलच्या दारात बूट काढता काढता बोराने विचारलं.

"अगं, रीत असते. 'आमची यःकश्चित पोर पदरात घ्या,' असं मुलीच्या बापाने म्हणायचं. त्यावर मुलाकडचे म्हणणार, 'छे, छे, भलतंच काय!' की झालं."

"आणि ते काही बोललेच नाहीत तर?"

"न बोलायला काय झालं?"

बोराचा बाप गिल्नाम बॉयलर दुरुस्त करायचा. थंडीने गारठलेल्या घरात ऊब परत आली, की लोक आभार मानत आणि तो पुटपुटे, "त्यात काय एवढं." बायको गेल्यावर एकट्याने पोर वाढवली, त्याबद्दल कुणी बोललं तरी हेच. आज मात्र त्याला कुणाच्या तरी तोंडून एक बरा शब्द हवा होता. तोही स्वतःसाठी नव्हे.

आत व्याही, विहीणबाई आणि होणारा जावई थेहो बसले होते. सगळ्यांचं एकमेकांना वाकून झालं. गिल्नामने गुडघ्यांवर हात ठेवले, मान लववली आणि घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

विहीणबाईंनी सुस्कारा सोडला. "हं. आई नसलेली मुलगी म्हटल्यावर तसं व्हायचंच. आम्ही शिकवून घेऊ."

"आई!" थेहो म्हणाला, पण हळूच. बोरा खाली बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

गिल्नामने सवयीने हसायला तोंड उघडलं. हसू आलं नाही.

"विहीणबाई," तो म्हणाला, "तो शब्द मीच म्हणायचा असतो. तुम्ही 'छे' म्हणायचं असतं."

विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या.

"तुम्हाला म्हणवत नसेल, तर मी तो परत घेतो. यःकश्चित मी असेन. माझी लेक नाही."

बोलून गेल्यावर त्याला घाम फुटला. आपण पोरीचं लग्न मोडलं, या भीतीने त्याला तिच्याकडे बघवेना.

व्याही मोठ्या बँकेतून निवृत्त झालेले, वयानेही थोर. त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं, तांदळाच्या दारूची सुरई उचलली आणि वडीलधाऱ्यांना ओततात तशी, दोन्ही हातांनी, गिल्नामपुढे धरली.

गिल्नामने घाईघाईने वाटी पुढे केली. ती इतकी थरथरत होती, की बोराने खालून हात लावला.